गल्लीत तारेवर ठिणग्या उडाल्या तर काय करायचं? ठाणे-नवी मुंबईतल्या रहिवाशांसाठी

संध्याकाळी आठच्या सुमारास खांबावर तडतड सुरू होते, ठिणग्या पडायला लागतात. चार जण खाली लावलेल्या स्कूटर घाईघाईने हलवतात, घरातले दिवे दोनदा मिचमिचतात आणि अर्ध्या तासात सगळं शांत होतं. त्या रात्री कुणी तक्रार करत नाही, कारण ‘आता बंद झालंय’. सकाळी तर विषयच संपलेला असतो.

ठिणग्या उडतात तो तारांचा सैल जोड आपोआप नीट होत नाही. लोड कमी झाला किंवा वारा पडला म्हणून ठिणग्या थांबतात, आणि पुढच्या वेळी तोच जोड आणखी खराब अवस्थेत असतो. त्यामुळे तक्रार करण्याची खरी वेळ ठिणग्या थांबल्यानंतरची असते, आणि नेमकी तीच आपण वाया घालवतो.

घोडबंदर रोडवरच्या नव्या संकुलांत आणि सिडकोने वसवलेल्या बहुतेक सेक्टरांत केबल जमिनीखाली आहे. लोकमान्य नगर, किसन नगर, कोपरी, कळव्यातल्या जुन्या वस्त्या, तसंच घणसोली, तळवली, गोठिवली अशा गावठाणांतल्या अनेक गल्ल्यांत मात्र तारा अजून डोक्यावरूनच जातात, आणि कधी कधी पहिल्या मजल्याच्या खिडकीला खेटून. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

ठिणगी नेमकी कशाची?

घरांना वीज देणाऱ्या तारा लघुदाबाच्या असतात, म्हणजे एका फेजला २३० व्होल्ट आणि दोन फेजमध्ये साधारण ४०० ते ४१५ व्होल्ट. हवेतून ठिणगी उडायला एका मिलिमीटरला ढोबळमानाने ३,००० व्होल्ट लागतात. तेव्हा या तारांना नुसत्या हवेतून उडी मारणं जमत नाही. तिथे ठिणगी दिसली म्हणजे कुठेतरी काहीतरी टेकतंय आणि सुटतंय. जम्पर (दोन तारांना जोडणारा छोटा तुकडा) सैल झाला असेल, सर्व्हिस वायरचा (खांबावरून घरात येणाऱ्या वायरचा) पीळ सुटला असेल, ढिल्या पडलेल्या दोन तारा वाऱ्याने एकमेकींना लागत असतील किंवा फांदी घासत असेल.

आपल्याकडे यात खाडीची भर पडते. लाइनची तार ॲल्युमिनियमची आणि घरात येणारी वायर बऱ्याचदा तांब्याची. हे दोन धातू योग्य क्लॅम्प न लावता नुसते पिळून जोडले, की खारट दमट हवेत जोड गंजतो. गंजलेला जोड तापतो आणि तापून-गार होऊन आणखी सैल होतो. संध्याकाळी गल्लीतले सगळे एसी, गिझर, मिक्सर एकदम चालू झाले की ठिणग्या दिसतात आणि रात्री अकरानंतर थांबतात, त्याचं कारण हेच. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, ठिणगीचं तापमान त्याच्या कितीतरी पट असतं. खाली पडतात ते वितळलेल्या धातूचे थेंब, म्हणजे दर वेळी तार तिथे थोडी बारीक होत जाते. तार कधी तरी तुटते ती याच जागी.

उच्चदाबाच्या तारांचं गणित वेगळं आहे. या ११ किंवा २२ किलोव्होल्टच्या असतात. खांबावर आडव्या पट्टीवर सहसा तीनच तारा आणि त्यांच्याखाली चिनी मातीचे मोठे इन्सुलेटर दिसतात. त्या इन्सुलेटरवर धूळ आणि खार साचतो. मे अखेरीस वळवाचा हलका शिडकावा झाला की हा थर ओला होतो आणि त्यावरून वीज सरपटायला लागते. धो-धो पाऊस उलट तो धुऊन काढतो. म्हणून पहिल्या रिमझिमीच्या रात्री फोन जास्त खणखणतात.

एक अपवाद सांगून ठेवतो, नाहीतर उगाच घबराट होते. कळवा, दिघा, ऐरोलीकडून १०० आणि २२० किलोव्होल्टच्या टॉवर लाइन जातात. दमट पहाटे त्यांच्याखाली सलग ‘घूं’ आवाज येतो, अंधारात कधी फिकट जांभळी झाक दिसते. त्या दाबाला ते नेहमीचंच आहे. पण थांबून थांबून होणारी तडतड, पिवळा भडका किंवा काही खाली पडणं नेहमीचं नाही.

पहिली पाच मिनिटं

खांबाच्या आणि तारांच्या थेट खालची जागा आधी मोकळी करा. नुसत्या खांबाखालची नको, दोन खांबांमधला सगळा पट्टा मोकळा हवा, कारण तार तुटली की तिचं टोक गल्लीत लांबवर झोका घेतं. स्कूटर वाचवायला तिथे जाऊ नका. ठिणग्या पडत असताना गाडी हलवणं हा या गल्ल्यांमधला सगळ्यात नेहमीचा वेडेपणा आहे.

लोखंडी खांब, त्याला आधारासाठी जमिनीत बांधलेली ताणाची तार, पत्र्याची शेड, कपडे वाळत घालायची जीआय तार, लोखंडी जिना या सगळ्यांपासून पोरांना दूर ठेवा. सर्व्हिस वायर पत्र्यावरून गेलेली असेल आणि तिचं आवरण फाटलेलं असेल, तर खांबावर काहीही न होता अख्खी शेड जिवंत झालेली असू शकते. ओल्या बांबूने तार ढकलायची, दगड मारून फांदी पाडायची, पाण्याचा पाइप लावायचा, असली मदत करायला धावणाऱ्याला धरून ठेवावं लागतं. हे काम कुणीतरी वडीलधाऱ्याने आवाज चढवून करावं.

मग फोन. आग लागली असेल तर आधी अग्निशमन दल १०१, किंवा ११२. अग्निशमनवाल्यांना ‘वीज चालू आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगा.

तक्रार कुणाकडे आणि कशी

ठाणे आणि नवी मुंबईत वीज महावितरणची. त्यांचे नंबर १९१२, १९१२०, १८००-२१२-३४३५ आणि १८००-२३३-३४३५. कळवा, मुंब्रा, शीळ, दिवा या भागाचं वितरण १ मार्च २०२० पासून टोरंट पॉवरकडे आहे, तिथल्यांनी बिलावरचा टोरंटचा नंबर लावायचा. नुसत्या पथदिव्याचा खांब किंवा त्याचा डबा असेल तर तो बहुधा महापालिकेच्या विद्युत विभागाचा असतो. मोठ्या टॉवरच्या लाइन महापारेषण किंवा टाटा पॉवरच्या. फोनवर ‘आमचा खांब नाही’ ऐकायला मिळालं तर वाद घालत बसू नका. ‘मग कुणाचा, तेवढं सांगा’ असं विचारा आणि सांगणाऱ्याचं नाव लिहून घ्या.

फोन करण्याआधी वीज बिल हातात घ्या. त्यावर बारा अंकी ग्राहक क्रमांक आणि बिलिंग युनिट असतं, त्यावरून तुमचा उपविभाग लगेच कळतो. त्याच्या जोडीला खांबावर रंगवलेला नंबर आणि शक्य असेल तर जवळच्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मर आणि फ्यूज असतात त्या जागी) लिहिलेला कोड. ‘आमच्या गल्लीत स्पार्किंग होतंय’ एवढ्यावर वायरमन येतो, वर बघतो, काही दिसत नाही, निघून जातो. त्याच्या नावाने बोटं मोडण्यात अर्थ नाही, त्याला खरंच काही दिसलेलं नसतं. त्याऐवजी असं सांगा:

‘लोकमान्य नगर, पाडा नंबर दोन, अमुक किराणा दुकानासमोरचा खांब, नंबर अमुक. वरून दुसऱ्या तारेवर, दुकानाच्या बाजूच्या जोडाला ठिणग्या येतात. रोज संध्याकाळी साडेसात ते नऊ. आत्ता बंद आहे, पण काल आणि परवाही झालं. खाली शाळेची व्हॅन थांबते.’

यात जागा, तार, जोड, वेळ आणि खाली माणसं असण्याचा धोका असं सगळं येतं. तक्रार क्रमांक मिळाल्याशिवाय फोन ठेवू नका. क्रमांकाशिवायची तक्रार नंतर कुणी मानत नाही.

व्हिडिओ जरूर काढा, पण खांबाखाली उभं राहून नको. समोरच्या घराच्या आतून किंवा गल्लीच्या टोकावरून काढा. आधी दुकानाची पाटी किंवा इमारतीचं नाव दाखवा, मग कॅमेरा न थांबवता खांबाकडे वळवा. नुसत्या काळ्या आकाशातल्या ठिणग्या कुठल्याही गल्लीतल्या असू शकतात. तो महावितरणच्या ॲपवर किंवा शाखा कार्यालयात तक्रार क्रमांकासोबत द्या. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून समाधान मानलं, तर तो फक्त तिथेच फिरत राहतो.

एकाच जोडाबद्दल चार-पाच घरांनी आपापल्या ग्राहक क्रमांकावरून तक्रार केली तर फार बरं. एका घराची तक्रार ‘त्यांची सर्व्हिस वायर’ म्हणून निकाली निघू शकते, पाच घरांची तशी निघत नाही.

तार खाली पडली तर

ही सगळ्यात धोक्याची वेळ आहे, आणि लोकांचा अंदाज इथेच चुकतो. तार पडली, ठिणगी नाही, आवाज नाही, गल्लीत अंधार. म्हणजे वीज गेली, असं वाटतं. तसं धरून चालू नका.

डांबरी किंवा काँक्रीटच्या कोरड्या रस्त्यावर पडलेल्या तारेतून जमिनीत फारच थोडा प्रवाह जातो. डीपीतला फ्यूज मोठ्या लोडसाठी बसवलेला असतो, तेवढ्याशा प्रवाहाने तो उडत नाही. तार गुपचूप जिवंत राहते, माणूस मरायला मात्र तो प्रवाह भरपूर पुरतो. उच्चदाबाची लाइन ट्रिप झाली, तरी उपकेंद्रातून ती पुन्हा चालू करून बघितली जाते. त्यामुळे दोन मिनिटांपूर्वी मेलेली तार परत जिवंत होऊ शकते. डीपी बंद केल्याचं वायरमनने स्वतः सांगितल्याशिवाय तारेजवळ जायचं नाही.

किमान दहा मीटर लांब राहा. चार रिक्षा एकामागे एक उभ्या केल्या तर साधारण इतकं अंतर होतं. पाणी साचलं असेल तर त्या पाण्याच्या कडेपासून मोजा, तारेपासून नको. तार पडलेल्या जागेभोवती जमिनीतही दाब पसरतो आणि जवळून दूर कमी होत जातो. लांब ढांग टाकली तर एका पायाखाली जास्त, दुसऱ्याखाली कमी, आणि त्या फरकाने प्रवाह पायांतून वर चढतो. म्हणून जवळ सापडलात तर पाय जुळवून, न उचलता, अगदी लहान घसटत्या पावलांनी मागे सरका. पळू नका.

रिक्षावर किंवा गाडीवर तार पडली आणि गाडी चालू शकत असेल तर सावकाश पुढे न्या. नसेल तर आतच बसून राहा, बाहेरच्यांना ओरडून लांब ठेवा. गाडीला आग लागली तरच उतरा, आणि तेव्हा दोन्ही पाय एकत्र ठेवून बाहेर उडी मारा. एकाच वेळी गाडीला हात आणि जमिनीला पाय लागता कामा नये. रिक्षात बसलेल्यांनी लोखंडी दांड्याला धरू नये.

गल्लीच्या दोन्ही टोकांना माणसं उभी करा. पेपरवाला, दूधवाला आणि पहाटे खेळायला निघणारी मुलं यांना रात्री काय झालं ते ठाऊक नसतं.

कुणाला शॉक लागला तर

चिकटलेल्या माणसाला हात लावायचा नाही, मग तो कुणीही असो. घरातल्या वायरचा शॉक असेल तर मेन स्विच पाडा. रस्त्यावरची लघुदाबाची तार असेल आणि वीज लगेच बंद होत नसेल, तर स्वतः कोरड्या जागी उभं राहून पूर्ण कोरड्या लाकडी दांड्याने तार बाजूला करण्याचा प्रयत्न काही जण करतात. यातही जोखीम आहे आणि पावसात तर हे करूच नये. तीन तारांची उच्चदाबाची लाइन असेल तर लाकूडही चालत नाही, वीज बंद होईपर्यंत थांबण्याखेरीज काही करता येत नाही. हे ऐकायला क्रूर वाटतं, पण शॉकच्या अपघातात वाचवायला गेलेला दुसरा माणूसही जातो, असं पुन्हा पुन्हा घडतं.

सुटका झाल्यावर माणूस हाकेला ओ देत नसेल, श्वास नसेल किंवा नुसता आचके देत असेल, तर १०८ ला फोन लावून लगेच छाती दाबायला सुरुवात करा. छातीच्या मधोमध, दोन्ही तळवे एकमेकांवर, सुमारे पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. दमलात की दुसऱ्याने घ्या, पण थांबू नका. भाजलेल्या जागी वाहतं साधं पाणी चालेल, पण त्याच्यापासून वीज तुटल्यावरच. टूथपेस्ट, हळद काही नको. उठून बसला, ‘मला काही झालं नाही’ म्हणाला तरी रुग्णालयात न्या. शॉकनंतर हृदयाचे ठोके काही वेळाने बिघडू शकतात आणि आतलं भाजणं बाहेरून दिसत नाही.

घरातली उपकरणं

बाहेर ठिणग्या पडत असताना घरात एका खोलीतला दिवा झगझगीत आणि दुसऱ्या घरातला मंद दिसला, पंखा भलताच वेगाने फिरायला लागला, तर खांबावर न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) सुटत असण्याची दाट शक्यता असते. तेव्हा २३० च्या जागी तुमच्या फ्रिजला ४०० व्होल्टच्या आसपास दाब मिळू शकतो. विचार न करता मेन स्विच पाडा आणि शेजाऱ्यांनाही सांगा. वीज परत आली की आधी एकच साधा दिवा लावून बघा.

घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर उत्तम, महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबत जा. पण तो फक्त तुमच्या घरातल्या वायरिंगचं रक्षण करतो. गल्लीतल्या तारेवर त्याचा काही ताबा नाही, एवढं मनात असू द्या.

झाडं, हंडी, मांजा, आकडे

गुलमोहराच्या फांद्या ठिसूळ असतात आणि नारळाची एक झावळी दोन तारांवर आडवी पडायला पुरेशी असते. स्वतः फांदी तोडायला चढू नका. एक तर जिवाला धोका, आणि दुसरं म्हणजे १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाखाली त्याला परवानगी लागते. एप्रिलमध्येच महापालिकेच्या उद्यान विभागाला आणि महावितरणला एकाच पत्राची प्रत द्या, म्हणजे छाटणीच्या दिवशी वीज बंद ठेवण्याचा मेळ बसतो. एकालाच पत्र दिलं तर दुसऱ्याची वाट बघण्यात जून उजाडतो.

हंडीबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे. २०१२ मध्ये ठाण्यातच नऊ थरांचा, १३.३४ मीटर उंचीचा मनोरा गिनीज बुकात नोंदला गेला. रस्ता ओलांडणाऱ्या लघुदाबाच्या तारेची नियमाने किमान उंची ५.८ मीटर, म्हणजे तारा साधारण चौथ्या थराच्या उंचीवरच येतात. मोठ्या मैदानातल्या हंड्यांची काळजी आयोजक घेतात. खरी भीती गल्लीतल्या चार-पाच थरांच्या हंडीची, जिची दोरी थेट दोन खांबांना बांधलेली असते आणि वरून पाण्याचे फवारे चालू असतात. दोरी खांबाला बांधू नका, वीज बंद ठेवायची विनंती महावितरणकडे आधी लेखी द्या. गणपतीच्या मिरवणुकीत मूर्ती जावी म्हणून बांबूने तारा उचलतात तेही थांबवायला हवं. मार्ग आधी चालून बघा, मूर्ती ट्रॉलीसकट मोजा, तार आड येत असेल तर मूर्तीचा मार्ग बदला. मंडपाला वीज तात्पुरत्या जोडणीने घ्या. आकडा टाकला की सैल जोड तयार झालाच, आणि विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १३५ खाली तो वीजचोरीचा गुन्हाही आहे.

नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी संक्रांतीनंतर तारांवर तो लोंबतच असतो. मुलांना लोंबणारा मांजा ओढू देऊ नका. तसंच केबल आणि इंटरनेटच्या वायरी विजेच्या खांबावर गुंडाळायला हरकत घ्या. त्यांच्या वजनाने आणि घासण्याने सर्व्हिस वायरीचं आवरण जातं.

तार घराच्या किती जवळ चालते?

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांत हे ठरलेलं आहे. लघुदाबाची उघडी तार इमारतीपासून आडवी किमान १.२ मीटर आणि डोक्यावरून जात असेल तर २.५ मीटर दूर हवी. ११ किलोव्होल्टला आडवं १.२ आणि उभं ३.७ मीटर. २२ किलोव्होल्टला आडवं अंतर २ मीटर. सगळ्याच वेळी चूक लाइनची नसते. गॅलरी वाढवून, वर एक मजला चढवून घर तारेकडे सरकतं, आणि मग तार हलवण्याचा खर्च घरमालकाकडे मागितला जातो. दुसरीकडे रस्त्यावर काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉकचे थर चढत गेल्याने खालून उंची कमी होते, तिकडे कुणी बघत नाही. तार खाली आल्यासारखी वाटली तर लांबून फोटो काढून तक्रार करा. बांबू किंवा टेप लावून मोजायला जाऊ नका.

अशा चिंचोळ्या गल्लीत दरवर्षी तोच जोड बांधून घेण्यापेक्षा आवरण असलेली एरियल बंच केबल टाकून मागा. सगळ्यांच्या सह्यांचं पत्र कार्यकारी अभियंत्यांच्या नावे, सोबत आधीचे तक्रार क्रमांक तारखांसह.

काहीच झालं नाही तर

शाखा कार्यालय, मग उपविभाग, मग विभाग, अशी चढण ठेवा आणि प्रत्येक पत्रावर पोच घ्या. त्यानंतर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल. वकील लागत नाही. थेट धोका असेल तर राज्य सरकारच्या विद्युत निरीक्षकांना लिहा. सुरक्षिततेची तपासणी हे त्यांचंच काम आहे. अपघात झाला असेल तर विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १६१ खाली चौकशी होते आणि वीज कंपनीने २४ तासांत अपघाताची सूचना द्यायची असते. पोलिसांचा पंचनामा, रुग्णालयाचे कागद आणि आधी केलेल्या तक्रारींचे क्रमांक जपून ठेवा. नुकसानभरपाईचा विचार होताना निरीक्षकांचा अहवाल महत्त्वाचा ठरतो.

दुरुस्ती झाल्यावर ‘काम झालं, तक्रार बंद’ असा मेसेज येतो, बहुधा भर दुपारी. त्याच दिवशी संध्याकाळी साडेसात ते नऊमध्ये गल्लीच्या टोकावरून त्या खांबाकडे बघत उभे राहा. पुन्हा ठिणगी दिसली तर नवी तक्रार करताना जुना क्रमांक द्या आणि ‘जोड पुन्हा पिळलाय की क्लॅम्प लावलाय’ हे वायरमनला स्पष्ट विचारा.